घरातला मधला माणूस : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका पंचेचाळीस ते पासष्ट वयाच्या माणसांसाठी आहे. वर ऐंशीतले आई-वडील, खाली पंचविशीतली मुले आणि मध्ये तुम्ही. एवढी वर्षे संसार केला म्हणजे सगळे येते, असा समज असेल तर तो आधी काढून टाका. मुलगा म्हणून तुम्हाला पन्नास वर्षांचा अनुभव आहे, पण थकलेल्या बापाचा मुलगा म्हणून काहीच नाही. आणि सासरा तर तुम्ही परवाच झालात.

उदाहरणे नातेपुत्याची घेतली आहेत. माळशिरस तालुका, नीरा उजव्या कालव्याचे पाणी, उसाचे रान, मुलगा चाकणला नाहीतर हडपसरला, बहीण दिलेली फलटणकडे. इतर तालुक्यांतल्या वाचकांनी फक्त गावाचे नाव बदलावे. भांडणे तीच आहेत.

कारभार कोणाकडे आहे ते आधी पाहा

वडील एखाद्या दिवशी म्हणतात, "आता तूच बघ बाबा सगळं." हे ऐकून हुरळून जाऊ नये. दोन गोष्टी तपासाव्यात. थ्री फेजची लाइट रात्री येते तेव्हा मोटर चालू करायला रानात कोण जातो? आणि कारखान्याचे बिल कोणाच्या खात्यावर जमा होते? पहिल्या ठिकाणी तुम्ही आणि दुसऱ्या ठिकाणी वडील, म्हणजे आण्णा, असतील, तर तुम्ही घरचे गडी आहात. कारभारी व्हायला अवकाश आहे. मोबाइल स्टार्टर बसवला की रात्रीचे जाणे टळते, पण सकाळी ओट्यावरून येणारा "किती वाजता सोडलंस पाणी?" हा प्रश्न टळत नाही.

तरीही बिलाचे खाते बदलायची घाई करू नका. पैसे शेवटी तुम्हीच खर्च करणार, हे आण्णांना ठाऊक आहे. त्यांना फक्त बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचे असते आणि येताना चौकात दोघांना सांगायचे असते, की बिल पडलं. तेवढे राहू द्या. कारखान्याचा शेअर आणि त्यावर मिळणारी सवलतीची साखर ही मात्र नाजूक बाब आहे. चार एकर रान बिनतक्रार वाटून घेतलेले भाऊ दिवाळीच्या साखरेवरून एकमेकांशी बोलायचे थांबल्याची उदाहरणे दर गावात सापडतात. साखर कोणी आणायची आणि किती किलो कोणाकडे जायची, हे वाटणीच्याच दिवशी ठरवून टाका. हसू नका, कागदावर लिहा.

आई-वडिलांची पाळी

रान, जनावरे, भांडीकुंडी यांबरोबर आई-वडीलही वाटले जातात. पद्धती दोन आहेत. पहिली, आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे. राजा परांजपे यांच्या १९५४ सालच्या 'ऊन पाऊस'मध्ये मास्तर आणि त्यांची बायको अशीच मुलांमध्ये विभागली गेली. १९९८ साली 'तू तिथे मी' आला, त्यातही म्हाताऱ्या जोडप्याची तीच गत. सत्तर वर्षे मराठी माणूस हे पडद्यावर पाहून डोळे पुसतो आणि घरी येऊन तशीच वाटणी करतो. या पद्धतीबद्दल मार्गदर्शिकेचे मत स्पष्ट आहे : करू नका.

दुसरी पद्धत महिन्याच्या पाळीची. एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. इथे नवशिक्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. जानेवारीपासून आळीपाळीने धरले, तर वर्षात थोरल्याकडे १८४ दिवस येतात आणि धाकट्याकडे १८१. लीप वर्षात १८२. हा हिशेब वहिनींपुढे मांडू नये. त्यांनी तो आधीच केलेला असतो.

पाळी बदलते तेव्हा पिशवी नीट पाहा. कापड दुकानाचे नाव पुसट झालेली नायलॉनची पिशवी. आत दोन नऊवारी, एक स्वेटर, प्लास्टिकच्या पाकिटात आधार कार्ड, झाकण सैल झाल्यामुळे रबर लावलेले चष्म्याचे घर, मिश्रीची डबी. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून सकाळच्या एका चिंधीत आणि रात्रीच्या दुसऱ्या चिंधीत बांधलेल्या, कारण म्हातारीला अक्षर वाचता येत नाही, चिंधीचा रंग मात्र ओळखू येतो. आता पिशवी घरात आल्यावर तिचे काय होते ते बघा. लुगडी कपाटात गेली, तर आईने ते घर आपले मानले. महिनाभर पिशवी खुंटीलाच लटकत राहिली आणि लागेल ते लुगडे त्यातून निघत राहिले, तर आई पाहुणी म्हणून राहते आहे. याबद्दल तिला विचारायला जाऊ नका, "मला काय कमी हाय हितं?" एवढेच उत्तर येईल. कपाटातला एक कप्पा रिकामा करून तिला दाखवा.

एसटीने या खात्यात मोठी उलथापालथ केली आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यात प्रवास फुकट आहे, पासष्टच्या पुढे अर्धे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना कुठल्याही वयात अर्धेच तिकीट. परिणाम असा, की आई आता रुसली तर घरात बसून राहत नाही. पिशवी उचलते, स्टँडवर जाते आणि पुण्याच्या गाडीत बसते. तिकिटाला कोणापुढे हात पसरायला लागत नाही. म्हाताऱ्या माणसांची पत राखणारी सरकारी योजना कोणती, असे कोणी विचारले तर मी हीच सांगेन. थोरल्याचा फोन येईल, "आई तुमच्याकडे आलीय का?" हो म्हणा. का आली ते विचारू नका.

बहीण आणि सही

हा धडा अवघड आहे, म्हणून सावकाश वाचा.

प्रचलित रीत अशी. हक्कसोडपत्राच्या दिवशी बहिणीला आणायला चारचाकी पाठवावी. एरवी ती स्टँडवरून उन्हात चालत आली तरी चालते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाण्याआधी पुरणपोळी करावी, नंतर साडी घ्यावी. दाजींना फेटा बांधावा. बहीण म्हणते, "दादा, तू म्हणशील तिथं सही करते." दाजी चहाचा कप खाली ठेवतात आणि जरा बाहेर फिरून येतो म्हणतात. ते का फिरायला गेले, याचा विचार कोणी करत नाही.

या रिवाजाची मुदत संपली आहे. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशाचाच कायदा बदलला आणि लग्नाची अट गेली. तरी 'वडील २००५ च्या आधी वारले, मग बहिणीचा काय संबंध' अशी पळवाट काढणारे होतेच. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीही बुजवली. मुलीचा हक्क जन्माने येतो, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या.

कायदा गावाला वकिलाने शिकवला नाही, रस्त्याने शिकवला. पालखी मार्ग चौपदरी करायला निघाला, जमिनी संपादनात गेल्या, आणि मोबदल्याच्या नोटिसा सात-बारावर नाव असलेल्या सगळ्यांना आल्या. वीस वर्षे भाऊबीजेला दोनशे रुपयांवर समाधान मानणारी बहीण एकाएकी 'हितसंबंधित व्यक्ती' झाली. वाटपावर एकमत झाले नाही, तर महामार्ग कायद्याप्रमाणे तो वाद दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि तारखा पडत राहतात. ज्या घरांनी बहिणीचा वाटा आधीच ठरवला होता, ती घरे चेक घेऊन मोकळी झाली.

मला विचाराल तर बहिणीला काय हवे ते तिलाच विचारा, आणि तेही तुमच्या बायकोच्या व वहिनीच्या देखत. ती पैसे मागेल, गावठाणातली एक खोली मागेल, किंवा काहीच मागणार नाही. रान मागितले तर द्यावे लागेल, कारण ते तिचेच आहे. काहीच नको म्हणाली, तरी लगेच स्टॅम्पपेपर काढू नका. वर्षभर थांबा आणि पुन्हा विचारा.

दवाखाना

लांब राहणाऱ्या भावाला सगळ्यात चांगला डॉक्टर माहीत असतो. जवळ राहणाऱ्याला आण्णांच्या कोणत्या हाताला शीर सापडते ते माहीत असते. या दोन ज्ञानांची गाठ अकलूजच्या दवाखान्याच्या पायरीवर पडते. "पुण्याला हलवायला पाहिजे होतं," हे वाक्य गाडीतून उतरताच म्हणायचे असते, बूट काढायच्या आधी. तुम्ही लांबचे असाल तर हे वाक्य गिळा आणि डिपॉझिट भरा. जवळचे असाल तर रात्री दोघेच असताना भावाला खर्चाचा आकडा सांगा. नातेवाइकांसमोर सांगितलात, तर तो आकडा आयुष्यभर तुमच्या दोघांमध्ये राहील.

सासू, सून आणि बिनलग्नाचा मुलगा

पन्नाशीची बाई एकाच स्वयंपाकघरात सून आणि सासू दोन्ही असते. तीस वर्षे वाट पाहून कपाटाची किल्ली तिच्या कमरेला आली, तोवर कपाटात काही राहिले नव्हते. नवी सून फोनवरून पैसे पाठवते, आणि जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १५०० रुपये जिच्या-तिच्या खात्यावर येतात. पासष्ट वर्षे झाली की ते बंद होतात. त्यामुळे घरात ज्या बाईने सर्वांत जास्त भाकरी थापल्या, तिचीच कमाई आधी थांबते. सुनेला हे कोणी सांगायला लागत नाही, तिला दिसते. म्हणून सुनेकडून काही शिकायचे असेल तर मोबाइल वापरणे शिका. तिला आमटीत किती चटणी टाकायची ते शिकवायला जाऊ नका.

काही घरांत हा धडा लागूच पडत नाही, कारण सून आलेलीच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. सगळ्या राज्याने तो हसत हसत पाहिला. शेतकरी मुलाच्या आईला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. साठीला टेकलेली ती बाई चाळिशीकडे निघालेल्या मुलाला अजून गरम भाकरी वाढते आणि आपल्यामागे याला कोण वाढणार हा हिशेब करत बसते. या घरासाठी मार्गदर्शिकेकडे एकच सूचना आहे : मुलाला स्वयंपाक शिकवा. आजपासून.

नवरा-बायकोबद्दल फार लिहीत नाही. मुले बाहेर गेल्यावर रात्री जेवायला दोघेच उरतात आणि टीव्ही बंद पडला तर अडचण होते. त्यावर उपाय त्या दोघांनीच शोधावा.

कागद

आण्णांनी हयातीत सगळे मुलांच्या नावावर करून द्यावे का? १९७० साली रंगमंचावर आलेल्या 'नटसम्राट'मधल्या अप्पासाहेबांनी तसे केले, आणि पुढचे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांच्या वेळी कलम २३ नव्हते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या या कलमानुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत न सांभाळल्यास परत मागता येते. बक्षीसपत्रात ती अट लिहायला कोणत्याही मुलाने हरकत घेऊ नये. हरकत घेतलीच, तर तेवढी माहिती आण्णांना पुरेशी आहे. निर्वाह भत्त्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, वकिलाची गरज नाही, आणि कायद्याने महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळू शकतात. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार शक्यतो वारसांपैकी नसावेत आणि आण्णांपेक्षा तरुण असावेत. दुसरी गोष्ट सांगायची वेळ यायला नको, पण येते.

हे सगळे बोलायचे कधी? ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीवरून सोलापूर जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्यात करते. त्या दिवशी पुण्याची मुले येतात, बहिणी येतात, दाजी येतात, अंगणात दिंडी उतरलेली असते. त्या रात्री काही काढू नका, वारकऱ्यांच्या पंगती वाढा. दुसऱ्या दिवशी पालखी माळशिरसकडे निघाली की दुपारी घरात सगळे असतात, दमलेले असतात, आणि संध्याकाळच्या गाडीला वेळ असतो. वर्षातून हे तीन तास मिळतात. उतारे मात्र आठवडाभर आधीच काढून ठेवा. डिजिटल सात-बारा पंधरा रुपयांत मोबाइलवर निघतो, पण पालखीच्या गर्दीत रेंज मिळत नाही, आणि तलाठी बंदोबस्तात असतात.