मामा विद्यापीठ बघून येतो

बुऱ्हाणपूरहून ताईचा फोन आला. "तू इंदुरात राहतोस. एवढं मोठं विद्यापीठ, आपलं पोर त्यात निभेल का, जरा बघून ये." गावातल्या कॉलेजात शिकता येत असताना इंदूरला पैसे कशाला घालायचे, हा तिचा मुद्दा. भाच्याने सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन देवी अहिल्या विद्यापीठाच्या विभागातच शिकायचा हट्ट धरलेला. निकाल माझ्यावर सोपवला. घरात माझं मत भाजीच्या बाबतीतही कोणी घेत नाही, त्यामुळे मी इस्त्रीचा शर्ट चढवला, वहीत प्रश्न लिहून घेतले आणि मुलगी पाहायला निघावं तसा निघालो.

विद्यापीठांची आमच्या घराण्याला लांबूनच ओळख. आजोबा १८९१ साली सुरू झालेल्या होळकर कॉलेजचे, पण पदवी आग्रा विद्यापीठाची. आग्रा त्यांनी पाहिलं ते पुढे, ताजमहालापुरतं. इंदूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९६४ मध्ये. मी त्याचाच पदवीधर. पण शिकलो एका चिमुकल्या कॉलेजात. विद्यापीठ मला भेटलं ते गुणपत्रिकेच्या शिक्क्यात.

सबब पत्ता ऐकीव. गेलो आरएनटी मार्गावर. आत एक रांग दिसली. रांग दिसल्यावर न थांबणारा इंदूरकर मी तरी पाहिलेला नाही. पुढच्याचे कल्ले पांढरे, मागच्या बाईंच्या कडेवर मूल. वहीत टिपलं : "विद्यार्थी प्रौढ. शिस्त उत्तम. दंगामस्ती नाही." पुढच्या गृहस्थांना विचारलं, "आपका विषय?"

"डुप्लिकेट मार्कशीट."

हा नवा अभ्यासक्रम असावा, असंही क्षणभर वाटलं. तोवर खिडकी आली. "किस साल के हो?" मी साल सांगितलं आणि त्याच झोकात रोल नंबरही सांगून टाकला. खिडकीतला माणूस फॉर्म पुढे सरकवणार, तेवढ्यात मी म्हणालो, "मुझे तो युनिव्हर्सिटी देखनी है." तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "भिया, ये नालंदा परिसर है, यहाँ दफ्तर है. पढ़ाई तक्षशिला में, खंडवा रोड पे."

नालंदा ते तक्षशिला! प्राचीन काळी यात महिने गेले असते. मी सिटी बसने भंवरकुआ गाठलं.

तक्षशिला परिसराच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "कौन सा डिपार्टमेंट?"

"पूरी युनिव्हर्सिटी."

त्याने मला नखशिखान्त पाहिलं. आत गेल्यावर कळलं की त्याचाच प्रश्न बरोबर होता. इंजिनिअरिंगवाले एकीकडे, मॅनेजमेंटवाले दुसरीकडे, अर्थशास्त्र आपल्याच तोऱ्यात. चहावर भेटलेल्या पोरांना विचारलं, "इतक्या मोठ्या ठिकाणी हरवल्यासारखं नाही वाटत?" ती एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्यापैकी कुणीही सगळं आवार पाहिलेलं नव्हतं. ज्याला-त्याला आपला वर्ग, आपले सर आणि कुणाचं असाइनमेंट उतरवायचं एवढं ठाऊक. म्हणजे मोठेपणाची धास्ती आम्हा बाहेरच्यांनाच. शिवाय वर्ग पटला नाही, तर शेजारच्या विभागात मित्र करता येतात; माझ्या चिमुकल्या कॉलेजात ती सोय नव्हती. सगळे सर वडिलांना ओळखायचे.

रात्री ताईला फोनवर ऐटीत सांगितलं, "बिनधास्त पाठव. मोठ्या जागेतच पोर मोठं होतं."

"होस्टेल नाही मिळालं तर?"

"अगं, इंदूर आपलंच आहे."

"मग ठरलं, तुझ्याकडेच राहील," ताई म्हणाली. आतून बायकोने विचारलं, "त्याची गादी कुठे घालायची, तेही बघून आलात का?"