इंदापूरला जरा मोठ्यानं

आई फोनवर कुठल्या गावाशी बोलतेय, हे आमचे शेजारीसुद्धा नुसत्या आवाजावरून सांगतात. बारामतीच्या कसब्यातल्या मावशीसाठी नेहमीचा आवाज. माळेगावला थोडा चढा. इंदापूरला माझी ताई असते, तिच्याशी बोलताना आई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरते. पुण्यासाठी ती उठून उभी राहते, मुंबईसाठी पंखा बंद करायला लावते आणि कॅलिफोर्नियातल्या नातवाशी बोलणं सुरू झालं की गल्लीतली कुत्री आधी भुंकतात आणि मग मुकाट ऐकत बसतात.

यात तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही. टेलिफोनच्या जगात अंतराला दर होता. ट्रंक कॉलच्या काळात पुण्याला बोलायचं तर आधी ऑपरेटरकडे कॉल लावायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि जेवणंखाणं उरकून घंटा वाजायची वाट बघायची. देशातली पहिली एसटीडी १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली. ती आमच्या भागात यायला पुढे बराच काळ गेला. आली तेव्हा गावांना आकडे मिळाले. बारामती ०२११२, इंदापूर ०२१११. वालचंदनगर इंदापूर तालुक्यातलंच, पण त्याचा थाट निराळा, म्हणून ०२११८. ताईला इंदापुरात द्यायचं ठरलं तेव्हा लेक लांब जाणार म्हणून आईचा जीव खाली-वर होत होता. "एका आकड्याचा तर फरक आहे," असं म्हणून वडिलांनी तिची समजूत घातली. लग्नानंतर पहिलं बिल आलं आणि त्या एका आकड्याची किंमत दोघांनाही कळली.

गाव जितकं लांब तितका मीटर भराभर पळायचा. त्यामुळे बोलण्याला आपोआप शिस्त लागली. फोन लावण्याआधी आई कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मुद्दे लिहून काढायची: पाऊस, गुडघा, उसाची तोड, धाकटीचं जमलं. तोड कधी मिळणार हे कारखान्यालाच ठाऊक नसायचं, पण मुद्दा दर वेळी यादीत असायचा. "बरं, ठेवते" हे वाक्य ती घड्याळाकडे बघून म्हणायची. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून गोष्ट सकाळी घडलेली असली तरी आमच्याकडे ती रात्रीच सांगितली जायची. एका भाच्याचा जन्म भल्या पहाटेचा, पण आमच्या घरात तो रात्री अकरानंतर झाला.

मग १ मार्च २००६ पासून बीएसएनएलनं देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया अशी योजना आणली. आईला ही बातमी संशयास्पद वाटली. "पुण्याला एक रुपया आणि दिल्लीलाही एकच? म्हणजे पुण्याला जास्त घेतात," हा तिचा निष्कर्ष. दर एक झाले, आवाज मात्र किलोमीटरप्रमाणेच लागत राहिला.

यंदा तांब्याची तार गेली आणि फायबर आलं. नंबर जुनाच राहिला, फोनचं यंत्रही जुनंच. फक्त त्याचं शेपूट भिंतीतल्या डबीतून निघालं आणि लुकलुकत्या दिव्यांच्या एका डब्यात गेलं. जोडायला आलेला मुलगा बोलका होता. आई त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली.

"बाळा, ही तार कसली?"

"काचेची, आजी."

"बांगडीसारखी फुटली म्हणजे?"

"जेसीबी आला तरच फुटते. आणि आता तुमचा आवाज अखंड जात न्हाई. एका सेकंदाचे पन्नास तुकडे होतात. प्रत्येकावर पत्ता आणि नंबर टाकलेला असतो. पलीकडं पुन्हा जुळवतात."

"एखादा तुकडा मागं राहिला तर?"

"लई उशीर झाला तर टाकून देतात. ऐकणाऱ्याला कळत पण न्हाई."

आईनं वळून वडिलांकडे पाहिलं. आपल्या बोलण्यातला काही भाग टाकून दिला तरी ऐकणारा हुंकार देत राहतो, ही सोय आमच्या घरात फार जुनी आहे. वडील ती कुठल्याही डब्याशिवाय वापरत आले आहेत.

त्या मुलाकडून आणखी एक गोष्ट कळली. या पद्धतीत कॉल आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून पुढे. सर्व्हर मुंबईत असला, तर कसब्यातल्या मावशीला लावलेला फोन खंडाळ्याचा घाट उतरून जाणार आणि तोच घाट चढून कसब्यात येणार. हे मी आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मावशीशीही मुंबईच्या आवाजात बोलू लागेल आणि तो आवाज मावशीला फोन न उचलताच ऐकू जाईल.

शून्याचं प्रकरणही तिच्या अजून पचनी पडलेलं नाही. शून्य म्हणजे गावाबाहेर, हे तिचं जुनं गणित. पण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं. मी माडीवर असतो. जेवायला हाक मारण्यापेक्षा फोन बरा, म्हणून ती माझा मोबाइल लावते, शून्यासकट. "घरातल्या घरात एसटीडी!" असं म्हणते आणि शून्याचा मान राखायचा म्हणून माझ्याशी निदान माळेगावच्या आवाजात बोलते. मला ते माडीवर दोनदा ऐकू येतं, आधी जिन्यातून आणि मग फोनमधून.

खरी गंमत झाली ती लाइट गेल्यावर. तांब्याच्या तारेत एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा दाब असायचा, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन जिवंत. लाइट गेली की आईचा पहिला फोन वीज कार्यालयाला ठरलेला. आता डबा घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की तक्रार करायचं साधनही तिच्याबरोबर जातं. "लाइट येऊ दे, मग बघते त्यांच्याकडे," असं म्हणून आई अंधारात बसते आणि लाइट आली की तक्रारीचं कारण उरत नाही. शेवटी डब्यासाठी एक छोटा यूपीएस आणला. तो खरं तर तक्रारीसाठीच घेतलाय.

आता कितीही बोला, कुठेही बोला, महिन्याचं भाडं तेवढंच. तरी पाव दराची सवय गेलेली नाही. आई अजून रात्री साडेदहानंतरच फोन लावते. कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळचे नऊ-दहा वाजलेले असतात, नातू चहा घेत निवांत बोलतो. इंदापूरला मात्र ताई झोपलेली असते. पहाटे उठून उसाला पाणी धरायचं असतं. "अमेरिका बरी," आई म्हणते, "केव्हाही उचलतात. इंदापूरच फार लांब पडतं."

ताईनं यावर तोडगा काढलाय. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. सवड मिळाली की ती सकाळच्या गाडीनं येते आणि संध्याकाळी परत जाते. पाऊस, गुडघा, उसाची तोड असे सगळे मुद्दे होतात, वर शेजारणीचेही होतात. पाव दरापेक्षा अर्धं तिकीट महाग पडतं, हे आईच्या हिशेबात आहे. पण फोनमध्ये घड्याळाकडे बघावं लागायचं आणि इथे गाडी चुकली तर मुलगी मुक्कामाला राहते, तेव्हा सौदा एकंदरीत फायद्याचाच असं तिचं मत आहे.