पोटात पोट, त्यात एक्सपी

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीवरचा हात ८ एप्रिल २०१४ला काढला. आमच्या डीटीपीवाल्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. दिवाळी अंक लागणार पेजमेकरमध्येच, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ची! मग चार जीबी रॅमच्या म्हाताऱ्या डब्यात विंडोज टेन, तिच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स, त्याच्या पोटात एक्सपी. यजमानाला धाप लागलेली, पाहुण्याला मात्र दोन जीबी हवी. (एकेकाळी तो ६४ एमबीतही भागवायचा. असो.) पडद्यावर ती हिरवी टेकडी उगवेपर्यंत कटिंग येतो, संपतो, ग्लासही परत जातो. आता अडलंय फॉन्टच्या डोंगलपाशी. तो पॅरलल पोर्टचा, आणि डब्याला ते भोकच नाही. मालक निवांत : ‘‘कन्व्हर्टर मागवलाय. तुळशीच्या लग्नापर्यंत अंक हातात!’’