हीटर कोअरची जागा ठरवणाऱ्या अभियंत्यास अनावृत पत्र

डेट्रॉइटच्या एका उपनगरातून,
जानेवारी महिना, पारा उणे बारा

अभियंता महोदयांस,
सा. न. वि. वि.

आपली-आमची ओळख नाही. गाडीच्या माहितीपुस्तकात आपलं नाव छापायची पद्धत नाही, हे आपल्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. तरीही आपल्या डॅशबोर्डखाली उताणं पडून, ब्रेकच्या पेडलला कानशील टेकवून मी आपलं इतक्या भक्तिभावानं स्मरण केलं आहे, की आता दोन ओळी लिहिणं भाग आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा. तिकडच्या गाड्यांतही हा अवयव असतो, पण त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. हीटर कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटर. इंजिनात फिरून नव्वदेक अंशांपर्यंत तापलेला कूलंट एका नळीनं त्यात शिरतो, दुसरीनं बाहेर पडतो. त्याच्यावरून पंखा हवा सोडतो आणि ती गरम होऊन पायांवर नि पुढच्या काचेवर येते. इंजिन जी उष्णता वाऱ्यावर उधळणारच होतं, तिच्यावर माणसं शेकून निघतात. कल्पना सुरेख आहे, आणि हे मी उपरोधानं म्हणत नाही. उपरोध पुढे आहे.

या कोअरमध्ये हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे तो झिजत नाही, गंजतो. कूलंट वेळच्या वेळी बदलला गेला नाही, की त्यातली गंजरोधक द्रव्यं संपतात आणि अॅल्युमिनियमच्या अगदी पातळ नळ्यांना आतून भोकं पडतात. मग गाडीत गोडसर वास दरवळू लागतो. काचेवर आतून धुकं धरतं. फडक्यानं पुसावं तर तेलकट होऊन पसरतं. शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला लागतो. तो गोड वास इथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे चक्क विषाचा. कुत्री-मांजरं त्याच्या चवीला भुलतात आणि जिवाला मुकतात, म्हणून सांडलेला थेंबन्‌थेंब टिपावा लागतो. मिशिगनच्या हिवाळ्यात कोअर गेला, की श्वासाची वाफ काचेवर गोठते आणि काच बाहेरून खरवडून झाल्यावर आतूनही खरवडावी लागते.

दुकानात नवा कोअर साठेक डॉलरला मिळतो. तोच बसवून देण्याचे गॅरेजवाल्यानं हजाराच्या वर सांगितले. मधला फरक वाटखर्चाचा. देवळात मूर्तीची आधी प्रतिष्ठापना करावी आणि मग तिच्याभोवती भिंती, सभामंडप, ओवऱ्या उठवाव्यात, तसा आपण हा कोअर बसवलात. दर्शन हवं असेल त्या भाविकानं देऊळ उतरवत आत यायचं.

उतरवायला घेतलं. बॅटरीची ऋण तार आधी सोडवायची आणि मग काही मिनिटं स्वस्थ बसायचं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज साठून राहते. पिवळे कनेक्टर दिसले की हात आवरायचा. मग कन्सोल, ग्लोव्ह बॉक्स, रेडिओ. स्टीअरिंगचा कॉलम सोडवून खाली टेकवायचा, पण चाक फिरू द्यायचं नाही; फिरलं तर आतली गुंडाळलेली पट्टी तुटते आणि एअरबॅग-हॉर्न दोन्ही गप्प होतात. एक स्क्रू घड्याळामागे, एक काचेलगतच्या स्पीकरच्या जाळीखाली. तो तिथं ठेवताना आपण गालातल्या गालात हसला असाल, असा माझा दाट संशय आहे. क्लिपा प्लॅस्टिकच्या, थंडीत त्या ठिसूळ होतात आणि हात लावताच मोडतात. म्हणून गॅरेज ऊबदार हवं. थोडक्यात, हीटर दुरुस्त करायला बसण्याआधी दुसरा हीटर आणावा लागतो.

घरच्या घरी काम उरकावं म्हणणाऱ्यांसाठी आपण आणखी एक सोय करून ठेवलीत. एसीचा बाष्पकही त्याच पेटीत कोंबलात. पेटी काढायची तर एसीच्या नळ्या सोडायला हव्यात, आणि त्यातला वायू हवेत सोडणं इथल्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे गॅरेजवाल्याचे पैसे वाचवण्याच्या उद्योगाचा श्रीगणेशा गॅरेजवाल्याला पैसे देऊन, त्याच्या यंत्रानं वायू काढून घेऊन करायचा.

हे असंच असावं लागतं, असं मात्र सांगू नका. आपल्या पूर्वसुरींच्या काळात गरम पाण्याचा हीटर ही वेगळी घ्यायची वस्तू होती. डॅशबोर्डखाली पेटी टांगलेली; बोल्ट आणि नळ्या सोडल्या की हातात. १९३८ साली विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या नॅश कंपनीनं बाहेरची हवा गाळून, तापवून आत घेणारी यंत्रणा आणली आणि ऊब हा गाडीचाच भाग होत गेला. सुखसोयी वाढल्या तसा कोअर आत-आत सरकला.

तो इतका आत का गेला, तेही मला ठाऊक आहे. आता डॅशबोर्ड, त्यामागची पोलादी तुळई, वायरिंग, हीटरची पेटी असं सगळं बाहेरच जोडतात आणि तो अख्खा ठोकळा एका झटक्यात दाराच्या पोकळीतून गाडीत सरकवतात. कारखान्यात प्रत्येक गाडीमागे काही मिनिटं वाचतात. त्याबद्दल आपल्याला बढती मिळाली असेल, तर मनापासून अभिनंदन. ती मिनिटं वाया गेलेली नाहीत. आमच्या गॅरेजात ती तास होऊन पोचली आहेत.

कोल्हापूरच्या धाकट्या भावाला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाला, “दादा, आमच्या मिस्त्रीनं दोन्ही पाइप एकमेकांना जोडून दिले, कोअर तसाच मेलेला आत आहे. तीन वर्षं झाली, काही अडलं नाही.” त्याला पंचगंगेच्या काठी काय अडणार? इथं काचेवरचं धुकं-बर्फ हटवण्याची व्यवस्था गाडीत असलीच पाहिजे, असं संघराज्याचं १०३ क्रमांकाचं सुरक्षा मानक कंपन्यांना बजावतं. ती व्यवस्था पुन्हा उघडून दुरुस्त करता आली पाहिजे, असं ते म्हणत नाही. आपण मानक अक्षरशः पाळलंत.

एकच विनंती. काही गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे एक झाकण असतं. चार स्क्रू काढले की कोअर खणासारखा बाहेर येतो. ती रेखाटनं आपल्या कचेरीत कुणाकडे तरी असतील. पुढची गाडी आखताना ती मागवा. नाही सापडली, तर एखाद्या शनिवारी आमच्याकडे या. जेवायला पिठलं-भाकरी आहे. पाने आपले आणा.

आपला,
मांडीवर डॅशबोर्ड घेऊन बसलेला एक गाडीमालक

ता. क. दुकानदारानं नव्या कोअरवर आजीवन हमी लिहून दिली आहे. गळला तर दुसरा फुकट. हमी फक्त सुट्या भागाची. काढण्या-घालण्याची मजुरी त्यात धरलेली नाही.