नऊ हजार दोनशे चाळीस

जुनी गाडी घेताना माणूस आधी मीटर बघतो आणि तिथेच फसतो, हे मी दुसऱ्यांना कितीदा तरी सांगितलं आहे. पण पाबळच्या गुरुजींच्या पडवीत, एका विरलेल्या लुगड्याखालून ती शंभर सीसीची गाडी निघाली, काट्याखाली ९,२४० हा आकडा दिसला आणि माझी अक्कल चोक न ओढता बंद पडली. २०१० ची गाडी! पंधरा वर्षांत नऊ हजार, म्हणजे दिवसाला पावणेदोन किलोमीटरसुद्धा नाहीत. आमच्या केंदुरात कोंबडी यापेक्षा जास्त फिरते.

टाकीवर ‘हिरो’ आणि ‘होंडा’ अजून शेजारी शेजारी नांदत होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोघांनी फारकत जाहीर केली, पण ती बातमी त्या लुगड्याखाली पोचलेली दिसली नाही.

“गुरुजी, मीटर फिरवलेलं नाही ना?” मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की साठीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा सातवीत नापास झालो. मग ते आत जाऊन एक वही घेऊन आले. पंधरा वर्षांतली प्रत्येक फेरी तिच्यात होती. ‘शिक्रापूर, बँक.’ ‘शिक्रापूर, बँक.’ ‘आळंदी, दर्शन.’ ‘शिक्रापूर, बँक (बंद होती).’ गाडी मला मिळाली. वही त्यांनी ठेवून घेतली.

पुढचे आठ दिवस मी गावात असा वावरलो, जणू ती गाडी न चालवण्याचं पुण्य माझंच होतं. कान्हूराज पाठकांच्या देवळापुढे कुणी नुसता रामराम घातला तरी मी “फक्त नऊ हजार!” म्हणायचो. समोरचा विचारायचा, “ते असू द्या, ॲव्हरेज किती देते?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण गाडी अजून चालूच झाली नव्हती.

“नाना, नऊ हजार चाललीय हे कबूल,” मिस्त्री म्हणाला. “पण उभी किती राहिलीय?”

हा हिशेब मी मांडलाच नव्हता. टायरची नक्षी नव्यासारखी, म्हणून मी खूश. मिस्त्रीनं टायरच्या बगलेवरचे चार आकडे दाखवले: १४१०. मला वाटलं किंमत. ती जन्मतारीख निघाली, २०१० सालचा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत आणि मधल्या रबराला मे महिन्यातल्या रानासारख्या भेगा. बॅटरी मेलेली. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं गुरुजींच्याच कुठल्याशा जुन्या परिपत्रकाचं घरटं केलेलं. चेन गंजून काडीसारखी ताठ. ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं, कारण पुस्तकात दिलेले किलोमीटर भरले नव्हते. ऑइलला कॅलेंडरही लागू असतं, वर्षातून एकदा ते बदलावंच लागतं, गाडी चालो वा न चालो. गुरुजींनी मात्र वार्षिक परीक्षा घेतलीच नाही.

एवढं ऐकून शहाण्या माणसानं गाडी मिस्त्रीच्या ताब्यात दिली असती. मी पान्यांचा सेट विकत आणला. सदतीस वर्षं पुण्यात कारकुनी केलेल्या हाताला सतरा नंबरचा पाना असा शोभला की मी बायकोला फोटो काढायला लावला. फोटोत मी ऑइलचा बोल्ट आवळतोय. फोटो चांगला यावा म्हणून तो मी आणखी थोडा आवळला आणि बोल्टचे आटे गेले. मिस्त्रीनं बोल्ट पाहिला, मग मला पाहिलं. “आटे नक्की कुणाचे गेलेत?” असं तो म्हणाला नाही, पण नव्वद नंबरचं ऑइल चेनीला लावत बराच वेळ एकटाच हसत होता.

मग त्यानं टाकीत बॅटरीचा उजेड पाडला आणि म्हणाला, “नाना, तळाला पाणी आहे.”

केंदुरात हे वाक्य ऐकलं की माणूस आधी हरखतो, नंतर विचारतो, कुठे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, उसाचं, मक्याचं. या इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते हवेतली ओल पिऊन घेतं आणि अती झालं की पाण्यासकट तळाला जाऊन बसतं. आता बघा. तालुक्यात घोड-भीमेच्या काठाला ऊस डुलतो. आमच्या वाट्याला वेळ नदी. नाव वेळ, पण येण्याची वेळ तिची तिलाच ठाऊक. कळमोडी धरणाचं पाणी इकडे यावं ही मागणी मी ऐकू लागलो तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. बंधारे झाले, नारळ फुटले, मापं घ्यायला माणसं आली, चहा पिऊन गेली. आम्ही बोअर मारमारून जमिनीची चाळण केली. उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न वाजला की माझी आई जेवणाच्या ताटावरून उठायची. एकदा हंडा भरून परत येईतो भाकरी कुत्र्यानं नेली होती आणि ती काही न बोलता तशीच चुलीशी बसली होती. त्या आमच्या पट्ट्यात एका पत्र्याच्या टाकीनं पडवीत बसल्या बसल्या हवेतून पाणी काढलं! ना मोजणी, ना मोर्चा. मला हसू यायला हवं होतं.

असो. टाकी धुतली. कारबोरेटरच्या वाटीत मधासारखा चिकटा साचला होता, तो काढला. जेटमध्ये मी टाचणी घालणार होतो, मिस्त्रीनं माझा हात धरला. टायर बदलले, केबली बदलल्या, बॅटरी नवी. पंधरा वर्षं भरली म्हणून पासिंग पुन्हा करून घेतलं, पर्यावरण कर वेगळा भरला आणि गाडीला पुढची पाच वर्षं मिळाली. मला इतक्या खात्रीनं डॉक्टरही पाच वर्षं देत नाही.

गाडी पळू लागली आणि गुरुजी येऊ लागले. दुधाच्या पिकअपमध्ये बसून, न कळवता, सासरी दिलेल्या लेकीला बघायला बाप यावा तसे. चहा घ्यायच्या आधी गाडीजवळ. “साइड स्टँडवर का लावलीत? डबल स्टँडवर लावा, एका अंगानं अवघडते.” चेन बोटानं वर-खाली करून बघायचे. “इंचभर ढील हवी, नाना. फार ताणू नका तिला.” बायको म्हणाली, आपल्या मुलीच्या सासरी तुम्ही इतक्यांदा गेला नाहीत.

एकदा मी विचारलं, “गुरुजी, एवढा जीव होता तर विकलीत का?”

त्यांनी वही उघडून शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. ‘पाबळ, शाळेपर्यंत. येताना ढकलत.’ काचबिंदूनं कडेचं दिसेनासं झालं होतं. शाळा सुटली आणि बाजूनं आलेली पोरं त्यांना दिसलीच नाहीत. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. त्यांनी गाडी बंद केली आणि घरापर्यंत ढकलत नेली. मीटरची केबल पुढच्या चाकाला असते, त्यामुळे ढकललेलं अंतरही आकड्यात चढलं. तेही त्यांनी लिहून ठेवलं होतं.

परवा ते पुन्हा आले. मीटरला नाक टेकवून पाहिलं, काही लागलं नाही. वही मांडीवर घेतली. “आकडा सांगा.”

मीटरवर ११,८७२ होते. गेले सात महिने मी भीमाशंकर सोडलं नव्हतं, जुन्नर सोडलं नव्हतं, भाजी आणायला शिरूरला जात होतो.

“नऊ हजार सहाशे साठ,” मी म्हणालो.

गुरुजींनी मोठ्या अक्षरांत आकडा लिहिला. वरच्यातून खालचा वजा करायला त्यांना वही लागत नाही.

“चारशे वीस,” ते म्हणाले, आणि बोट पुढच्या टायरवरून सावकाश फिरवत राहिले.