आपल्याकडचे काका

नेपाळातल्या मुक्तिनाथला निघालेल्या प्रत्येक मराठी बसमध्ये हे काका असतातच. डोंबिवलीचे असोत नाहीतर चिंचवडचे, डोक्याला माकडटोपी, पिशवीत मेतकूट आणि तोंडात एकच पालुपद, "आपल्याकडे पण असतं हे." परदेशात ते जातात हजेरी घ्यायला. आपल्याकडचं काय काय इथे हजर आहे, तेवढं बघितलं की तिकीट वसूल.

त्यांना खरं बघावं ते थकाली ताटावर. जोमसोमच्या अलीकडे मार्फा हे सफरचंदांचं गाव. दुपारी काली गंडकीच्या खोऱ्यात असा वारा सुटतो की विमानंसुद्धा आपला कारभार सकाळीच उरकून घेतात. बस तिथे थांबते आणि काका टोपी सावरत खाणावळीत शिरतात.

थकाली हे याच खोऱ्यातले. तिबेटचं मीठ खाली आणि खालचं धान्य वर, हा व्यापार त्यांच्या हातात होता. वाटेवरच्या खाणावळी त्यांच्या बायका, म्हणजे साहुनी, सांभाळत. पिढ्यान्‌पिढ्या वाटसरूंना जेवू घातलेल्या घरातल्या साहुनीला काका पाट मिळायच्या आत सांगतात, "ताई, वरणात चिमूटभर हिंग टाकत जा." साहुनी हसते. ती रोज एक काका बघते.

काशाचं ताट येतं. मध्ये भाताचा डोंगर, भोवती काळ्या उडदाची डाळ, पालेभाजी, बटाट्याची तरकारी, मुळ्याचं अचार. हजेरी सुरू होते. गुंद्रुकशी गाडी अडते. मोहरीवर्गातला पाला आंबवून वाळवायचा, मग शिजवायचा.

"आपल्याकडे पण भाज्या वाळवतात."

"आंबवून?" काकू विचारतात.

"पूर्वी आंबवत असतील."

मग कुट्टूच्या पिठाचा ढिंडो. "उकडच की!" म्हणून काका चावायला लागतात. ढिंडो चावायचा नसतो. बोटांनी गोळा तोडून डाळीत बुडवायचा आणि गिळायचा. साहुनी खुणेने दाखवते, पण काकांच्या मते आयुर्वेदात बत्तीस वेळा चावायला सांगितलंय. अकराव्या चावण्याला कवळी वरच्या वर अडकते आणि पाचेक मिनिटं आमच्या टेबलावर स्वर्गीय शांतता नांदते.

डाळीला जिंबूची फोडणी असते. इथल्याच मुस्तांगातली ही वाळकी पात तुपात काळपट होईस्तोवर परततात. काका डोळे मिटून म्हणाले, "हिंगच हो, हिंग!" काकांचा चातुर्मास चालू होता, कांदा-लसूण वर्ज्य. जिंबू हे कांद्याच्याच गोतातलं. मी गप्प राहिलो. तिसऱ्या वाढपाला कुणाचं पुण्य बुडवू नये.

कारण वाढप थांबत नाही. भात, डाळ, तरकारी मागाल तितकी. काकांनी ताटाच्या किमतीला 1.6 ने भागून भारतीय रुपये काढलेले असतात आणि ते भातातून वसूल करायचे असतात. साहुनी "भात थप्ने?" म्हणत डाव घेऊन उभीच असते. नाही म्हणायला काकांना जमत नाही आणि तिला ते ऐकू येत नाही.

एका बाबतीत मात्र मान दिला पाहिजे. टोमॅटोच्या अचारातल्या टिमुरने जिभेला झिणझिण्या आल्या तेव्हा काका ओरडले, "तिरफळ! बांगड्याच्या तिखल्यातलं!" अगदी बरोबर. टिमुर आणि तिरफळ एकाच कुळातली भावंडं. पण काकूंनी चमचा खाली ठेवला. "तुम्ही बांगडा कधी खाल्लात?" काकांनी तातडीने भात मागितला.

पुढे एका मुंजीत गाठ पडली. वरणभाताचा पहिला घास घेऊन काका शेजारच्याला सांगत होते, "आमच्या मुस्तांगकडे वरण कसं करतात माहितीये? हे ठीक आहे, पण याला जिंबू हवं हो, जिंबू!"

वाढप्याने लगबगीने त्यांच्या पानात लिंबाच्या दोन फोडी टाकल्या.