आधी पंखा बंद करा

आमच्या मित्राने काडेपेटीएवढा नवा डॅक घेतलाय. आकड्यांचा आवाज करून देणारी डबी. ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ! माणसाला ऐकू येतं ते जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि तेवढ्याला १९८२ सालच्या सीडीचे ४४.१ पुरून उरतात. पन्नाशी ओलांडलेल्या त्याच्या कानांपर्यंत तर वीससुद्धा पोचत नसणार. उरलेलं बहुधा वटवाघळांसाठी.

बरं, त्यावर तो ऐकतो काय? बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या. ‘सुईची खरखर बघ, कशी मोकळी झालीय!’ वर पंखा गरगरतोय, आत कुकरची तिसरी शिट्टी.

वहिनींनी एकदा गुपचूप हेडफोनची वायर फोनच्या साध्या अडॅप्टरला जोडली (त्यातही सहसा डॅक असतो, नखाएवढा) आणि आवाज किंचित वाढवून ठेवला. साहेब डोळे मिटून म्हणाले, ‘आत्ता कसा पडदा दूर झाला!’

आवाजाला जोर देणाऱ्या अ‍ॅम्पचं म्हणाल, तर ३०० ओहमचे दांडगे हेडफोन असतील तर जरूर घ्या. ते फोनला सहसा दाद देत नाहीत. बाकीच्यांनी आधी पंखा बंद करून बघावा. फुकट आहे.